जुन्या पेटंटात आपलं संयुग ‘आहे’ म्हणजे नक्की काय? रासायनिक दाव्याचं नावीन्य तपासायची पद्धत

पेटंटचा शोध-अहवाल हातात पडला की प्रयोगशाळेत दोन तऱ्हेची माणसं दिसतात. पहिला जुन्या पेटंटच्या पहिल्या दाव्यातलं (दावा म्हणजे पेटंटच्या हक्काची हद्द सांगणारं वाक्य) ते भलंमोठं सूत्र बघतो. ‘आर-वन’ या बदलत्या जागी हायड्रोजन, अल्किल, अ‍ॅरिल आणि जगातलं बाकी सगळं. बघून कपाळाला हात लावतो, “आपलं संयुग यात बसतंय, संपलं सगळं.” दुसरा आपल्या संयुगाचं नाव पीडीएफमध्ये शोधतो, ते सापडत नाही, आणि तो खुशीत चहा मागवतो. दोघांचाही निष्कर्ष योगायोगाने बरोबर निघू शकतो. पद्धत मात्र दोघांचीही चुकीची.

ज्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे त्याला पेटंटवाले अँटिसिपेशन म्हणतात. एखाद्या एकाच जुन्या कागदाने दाव्यातली वस्तू, जशीच्या तशी आणि पूर्ण, आधीच वाचकाच्या हातात दिली होती का? शिवाय तो वाचक, म्हणजे त्या क्षेत्रातला साधा जाणकार, कागद वाचून ती बनवू शकला असता का? दोन्हीला ‘हो’ असेल तर दाव्यात नावीन्य नाही. एकालाही ‘नाही’ असेल तर अँटिसिपेशन नाही, मग जुना कागद कितीही जवळचा असो.

सगळा गोंधळ होतो तो ‘व्याप्ती’ आणि ‘उघड करणं’ यांत. सातबाऱ्यावर अमुक गटनंबर एकाच्या नावावर आहे, म्हणून त्या जमिनीत विहीर खोदलेली आहे असं होत नाही. जुन्या दाव्याचं कुंपण तुमच्या संयुगाला घेरत असेल, तर ते संयुग विकल्यावर तुमच्यावर उल्लंघनाचा दावा होऊ शकतो. नावीन्याचा प्रश्न वेगळा आहे, तिथे खोदलेली विहीर दाखवावी लागते. भारतात या फरकाला एक मोठा अपवाद-वजा इशारा आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी आपला दावा, मग जुनं पेटंट

बहुतेक लोक उलट करतात. जुना कागद आधी वाचला की त्याच्या चष्म्यातून आपला दावा दिसू लागतो. म्हणून जुनं पेटंट बाजूला ठेवा. कोऱ्या कागदावर आपल्या दाव्याचे तुकडे पाडा, एका ओळीत एक मर्यादा: कोणतं संयुग, कोणता क्षार, कोणतं स्फटिकरूप, किती टक्के, किती तापमान, कोणतं द्रावक.

तुकडे पाडताना जोडशब्दांकडे नीट बघा. ‘यांचा समावेश असलेलं’ म्हटलं तर जुन्या मिश्रणात आणखी दोन गोष्टी असल्या तरी दावा सुटत नाही. ‘केवळ यांचं बनलेलं’ म्हटलं तर त्या दोन जादा गोष्टीच तुम्हाला वाचवू शकतात. ‘अमुक प्रक्रियेने बनवलेला पदार्थ’ असा दावा असेल तर प्रक्रिया नवी आहे म्हणून खूश होऊ नका. पदार्थ तोच असेल तर तो जुनाच, मग तो कोणत्याही वाटेने आलेला असो. (प्रक्रियेवर वेगळा दावा टाका, तो टिकू शकतो.)

सर्वांत फसवे तुकडे गुणधर्मांचे. अमेरिकेतलं 1985 चं टायटॅनियम मेटल्स प्रकरण मी नवशिक्यांना नेहमी सांगतो. दावा होता मिश्रधातूचा: 0.6 ते 0.9 टक्के निकेल, 0.2 ते 0.4 टक्के मॉलिब्डेनम, लोह जास्तीत जास्त 0.2 टक्के, बाकी टायटॅनियम. आणि वर, गरम खाऱ्या पाण्यात हा धातू चांगला गंजरोधक असल्याचा उल्लेख. 1970 च्या एका रशियन लेखात एक आलेख होता. त्यातला एक ठिपका 0.25 टक्के मॉलिब्डेनम आणि 0.75 टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूचा होता. लेखात गंजाबद्दल अवाक्षर नव्हतं. तरी न्यायालयाने त्या दाव्यात नावीन्य नाही असं ठरवलं. धातू तोच होता. त्याचा नवा गुण कळला म्हणून धातू नवा होत नाही. हा पुरावा पेटंट नव्हता, लेख होता, पण नियम तोच. म्हणून तुकड्यांच्या यादीत गुणधर्मापुढे एक प्रश्नचिन्ह टाका: हा गुण पदार्थाच्या घडणीत काही बदल सांगतो, की आधीच असलेल्या पदार्थाचं कौतुक करतो?

तारखा

कंटाळवाणं काम आहे, पण दहा मिनिटांचं. आपल्या दाव्याची प्रायॉरिटी डेट काढा, म्हणजे ज्या तारखेपासून नावीन्य मोजतात ती. एकाच अर्जातल्या वेगवेगळ्या दाव्यांची ती वेगवेगळी असू शकते, हे लोक विसरतात. जुनं पेटंट त्या तारखेआधी जगात कुठेही प्रकाशित झालं असेल तर ते अख्खंच्या अख्खं तुमच्याविरुद्ध वापरता येतं: वर्णन, उदाहरणं, आकृत्या, सगळं. ते तुमच्याच कंपनीचं असलं तरी.

खरी गंमत मधल्या कागदांची आहे, म्हणजे अर्ज तुमच्याआधीचा पण प्रकाशन तुमच्यानंतरचं. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे अशी उदाहरणं ढिगाने मिळतात. युरोपात अशा अर्जाचा सगळा मजकूर नावीन्यापुरता वापरतात. भारतात पेटंट कायद्याच्या कलम 13(1)(ब) आणि 25(1)(क) यांचा रोख जुन्या भारतीय अर्जातल्या दाव्यांवर आहे. म्हणजे इथे दाव्यासमोर दावा ठेवायचा. एखादं संयुग जुन्या अर्जाच्या वर्णनात 47 वं उदाहरण म्हणून बसलेलं असेल पण दाव्यात नसेल, तर युरोपातलं आणि भारतातलं उत्तर वेगळं निघू शकतं. परदेशी सहकाऱ्याने पाठवलेला अहवाल भारतासाठी जसाच्या तसा वापरणारे इथेच तोंडघशी पडतात.

शोध: नावाने नाही, रचनेने

रासायनिक नावं म्हणजे बहुरूपी सोंगं. एकच संयुग तीन प्रकारे लिहिता येतं, आणि जुन्या पेटंटांत ते बऱ्याचदा फक्त चित्रात किंवा तक्त्यात असतं: ‘उदाहरण 63, आर = 4-क्लोरोफेनिल’. त्यामुळे पबकेम, शुअरकेंबल, पेटंटस्कोप यांवर रचना काढून शोधा. त्याच शोधाचे, म्हणजे ‘कुटुंबातले’, इतर देशांतले अर्ज एस्पासनेटवर बघा, भारतीय फाइल इनपासवर. हाताशी पैसे असतील तर सशुल्क डेटाबेस, कारण मार्कुश सूत्रांचा, म्हणजे जागोजागी पर्यायांच्या याद्या असलेल्या सूत्रांचा, शोध फुकटात नीट होत नाही. (मार्कुश हे नाव 1924 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या रंगद्रव्यांच्या एका पेटंटवरून आलं. तेव्हापासून ‘पुढील गटातून निवडलेला’ ही शब्दरचना आपल्या मानगुटीवर बसली आहे.)

आता जुनं पेटंट, शेवटून

जुना कागद उघडला की आधी उदाहरणं वाचा, मग तक्ते, मग वर्णनातले ‘विशेष पसंतीचे’ म्हणून दिलेले परिच्छेद, आणि दावे सगळ्यात शेवटी. नावीन्य बहुधा उदाहरणांत मरतं, दाव्यांत नाही. दावा वकिलाने रुंद केलेला असतो, उदाहरण केमिस्टने फ्लास्कमध्ये केलेलं असतं. सगळीच उदाहरणं केलेली असतात असं नाही म्हणा. अमेरिकी पेटंटांत वर्तमानकाळात लिहिलेली कृती बऱ्याचदा कागदावरचीच असते. पण नावीन्य घालवायला ती प्रत्यक्ष केलेली असायची गरज नसते, वाचून करता येण्याजोगी असली की पुरे.

तुमच्या तुकड्यांच्या यादीशेजारी दोन रकाने आखा. एकात जुन्या पेटंटचं पान-ओळ, दुसऱ्यात तिथला मूळ मजकूर, आपल्या शब्दांत नाही. एकही रकाना ‘हे तर उघडच आहे’ असं म्हणून भरू नका. तसं म्हणावंसं वाटलं की ओळखा, तुम्ही नावीन्य सोडून पुढच्या प्रश्नात, म्हणजे कल्पकतेच्या (जाणकाराला हे सहज सुचलं असतं का, या) प्रश्नात, शिरलात.

आणि कागद एकच. एका पेटंटातून संयुग, दुसऱ्यातून क्षार, असं गोधडीकाम इथे चालत नाही. दुसरा कागद आणायचा तो मर्यादित कारणासाठी: पहिल्यातल्या शब्दाचा त्या काळचा अर्थ सांगायला, किंवा पहिल्यातली कृती केली की आपोआप काय घडतं हे दाखवायला. पहिल्या पेटंटनेच ‘ही पायरी अमुक पेटंटप्रमाणे करावी’ असं नाव घेऊन सांगितलं असेल, तर ते तेवढ्यापुरतं त्याचाच भाग समजा.

जुनं पेटंट त्याच्या काळच्या जाणकाराच्या डोळ्यांनी वाचायचं, हेही विसरू नका. आपल्याला उत्तर माहीत असतं, म्हणून हजार पर्यायांतला नेमका आपला पर्याय ठळक दिसतो. त्या वेळच्या वाचकाला तो दिसत होता का?

जिथे खरी डोकेफोड आहे

सामान्य सूत्र आणि त्यातलं एक संयुग, हा रोजचा प्रश्न. सूत्रात लाखो संयुगं बसत असतील आणि तुमच्याकडे बोट दाखवणारं काहीच नसेल, तर सूत्र तुमचं संयुग उघड करत नाही. क्लोपिडोग्रेल या औषधाच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे (2008) जुनं पेटंट अडीच लाखांहून अधिक संयुगांना कवेत घेणारं होतं. त्यातल्या एका एनॅन्शिओमरच्या (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी एकाच्या) क्षारावरचं नंतरचं पेटंट टिकलं. उलट 1962 च्या अमेरिकेतल्या पीटरिंग निकालात जुन्या पेटंटमधल्या पसंतीच्या पर्यायांनी सूत्र इतकं आवळलं होतं की जेमतेम वीसेक संयुगं उरत होती. न्यायालय म्हणालं, जाणकाराने ती सगळी कागदावर काढल्यासारखीच आहेत. दोन्हींच्या मधे कुठे रेघ ओढायची याचा आकडा नाही. म्हणून मी मोजतो: पसंतीचे पर्याय धरून नक्की किती संयुगं उरतात? आकडा लिहून ठेवतो, कारण सुनावणीत ‘बरीच’ या शब्दाला किंमत नसते.

याद्यांसाठी युरोपीय पेटंट कार्यालयाचा ठोकताळा चांगला आहे. एकाच यादीतून एक घटक उचलला तर तो आधीच उघड आहे. दोन लांबलचक याद्यांतून एकेक उचलून जोडी केली, आणि त्या जोडीकडे जुन्या कागदात काहीच निर्देश नसेल, तर जोडी नवी. म्हणून जुन्या पेटंटमध्ये आम्लांची यादी एकीकडे आणि संयुगांची यादी दुसरीकडे असेल, तर क्षाराचा दावा लगेच सोडू नका. मात्र संयुग एकच, त्यावर मेहनत घेतलेली, आणि क्षारांची यादी चार नावांची असेल, तर सोडून द्या.

आकड्यांच्या पट्ट्यांचं तसंच. जुन्या पेटंटमधला एक प्रत्यक्ष बिंदू तुमच्या पट्ट्यात पडला की खेळ संपला, टायटॅनियमसारखा. पण जुना पट्टा रुंद आणि तुमचा आतला अरुंद असेल तर? एटोफिनाच्या 2006 च्या अमेरिकी निकालात डायफ्लुरोमिथेन बनवण्याची प्रक्रिया होती, दाव्यातलं तापमान 330 ते 450 अंश सेल्सिअस. जुन्या जपानी पेटंटमध्ये 100 ते 500 अंश, पसंतीचा पट्टा 150 ते 350. थोडा भाग एकावर एक येत होता, तरी अँटिसिपेशन नाही असं अपिलात ठरलं. जुन्या पेटंटने रुंद पट्टा सांगितला, त्यातला हा विशिष्ट पट्टा नाही. युरोपात बघतात ते असं: आतला पट्टा अरुंद आहे का, आणि जुन्या पट्ट्याच्या टोकांपासून व जुन्या उदाहरणांपासून पुरेसा लांब आहे का. एक उदाहरण जरी आत पडलं तरी बाकी युक्तिवाद ठेवून द्या.

रेसिमिक मिश्रण, म्हणजे दोन्ही एनॅन्शिओमर सारख्या प्रमाणात असलेलं, माहीत असलं म्हणून त्यातला एकटा एनॅन्शिओमर आपोआप उघड होत नाही, असं बहुतेक ठिकाणी मानतात. (कल्पकतेचं काय ते वेगळं, तिथे अनेक जण पडतात.)

पॉलिमॉर्फ म्हणजे स्फटिकरूपांत मात्र कागद वाचून भागत नाही. जुन्या पेटंटने एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना दाखवणारा) आलेख दिलेला नसतो, फक्त ‘इथेनॉलमधून स्फटिकं मिळाली’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणती? मग ते उदाहरण तंतोतंत पुन्हा करायचं. कसोटी कडक आहे: नेहमी, अटळपणे तेच रूप यायला हवं. रॅनिटिडिनच्या खटल्यात (ग्लॅक्सो विरुद्ध नोव्होफार्म, 1995) जुन्या पेटंटमधलं 32 वं उदाहरण केलं की दावा केलेलं फॉर्म 2 हे स्फटिकरूप मिळतं, असा आरोप होता. ते केल्यावर कधी फॉर्म 1, कधी फॉर्म 2 येऊ शकतं असं दिसलं आणि पेटंट वाचलं. ‘कधी कधी येतं’ म्हणजे अँटिसिपेशन नाही. प्रयोग करायचाच असेल तर ज्या खोलीत ते रूप कधीच बनवलेलं नाही अशा ठिकाणी करा. हवेतल्या बीज-स्फटिकांचा (तेच रूप उगवायला लावणाऱ्या कणांचा) वाद समोरचा वकील नक्की काढतो. जुन्या उदाहरणात नसलेली एकही ‘सुधारणा’ करू नका. ढवळण्याचा वेग सांगितलेला नसेल तर दोन-तीन वेगांनी करा आणि सगळ्याची नोंद ठेवा.

अटळपणाचं सर्वांत धारदार उदाहरण शरीरात सापडतं. टर्फेनाडिन हे औषध घेतलं की यकृतात त्याचं आम्लरूप बनतं. कंपनीने नंतर त्या आम्लरूपावर वेगळं पेटंट घेतलं. 1995 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ठरवलं, की जुन्या स्पेसिफिकेशनने, म्हणजे पेटंटच्या वर्णनाने, ‘टर्फेनाडिन घ्या’ असं सांगितलं, घेतलं की आम्लरूप बनणारच, म्हणून तेवढ्यापुरतं नावीन्य गेलं, मग त्या रेणूचं नाव कुणालाच माहीत नसलं तरी. अमेरिकेत 2003 मध्ये लोराटाडिनच्या मेटाबोलाइटवर (औषधापासून शरीरात बनणाऱ्या रेणूवर), म्हणजे डेसलोराटाडिनवर, तोच निकाल आला. पण तिथल्या न्यायालयाने जाता जाता सांगितलं की शुद्ध, वेगळं काढलेलं संयुग किंवा त्याची औषधी मात्रा असा दावा लिहिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. दावा लिहिणाऱ्याने हे वाक्य भिंतीवर लावावं.

बनवता येत होतं का?

आता दुसरा अर्धा प्रश्न. नुसतं नाव किंवा रचना छापलेली आहे, पण त्या तारखेला ते बनवायची वाट ना पेटंटमध्ये होती ना जाणकाराच्या नेहमीच्या ज्ञानात, तर ते उघड झालं असं धरत नाहीत.

इथे हाउस ऑफ लॉर्ड्सचा 2005 चा सिंथॉन निकाल हाताशी ठेवा. विषय पॅरोक्सेटिन मिथेनसल्फोनेटचा स्फटिकी क्षार. जुन्या अर्जाने क्षार स्पष्ट सांगितला होता, पण उदाहरणातलं द्रावक, इथेनॉल, स्फटिकीकरणाला नीट चालत नव्हतं. न्यायालयाने दोन पायऱ्या वेगळ्या केल्या. पहिल्या पायरीवर, म्हणजे ‘कागदाने ही वस्तू सांगितली का’ यात, चाचपडायला जागा नाही, वस्तू सरळ दिसली पाहिजे. दुसऱ्या पायरीवर, ‘बनवता येते का’ यात, जाणकाराने दुसरं द्रावक लावून बघणं, थोडं चुकणं, पुन्हा करणं, हे चालतं. कुठल्याही प्रयोगशाळेतलं सोमवार सकाळचं काम ते. जुन्या उदाहरणात चूक आहे एवढ्यावर ‘आम्ही सुटलो’ म्हणणाऱ्या अर्जदारांचा इथेच घात होतो.

भारतातला तो इशारा

आता व्याप्ती आणि उघड करणं यांच्याकडे परत. इमॅटिनिब या कर्करोगावरच्या औषधाचं झिमरमन पेटंट अमेरिकेत 1996 मध्ये मंजूर झालं. 1998 मध्ये नोव्हार्टिसने भारतात इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपासाठी अर्ज केला. मेसिलेट हा क्षार झिमरमन पेटंटमध्ये व्यापलेला आहे पण उघड केलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 च्या निकालात ते मान्य केलं नाही. न्यायालयाने कंपनीचंच वागणं पुढे ठेवलं: अमेरिकेत ग्लिव्हेकसाठी (त्याच औषधाचं व्यापारी नाव) झिमरमन पेटंटचाच आधार घेतलेला, आणि ब्रिटनमध्ये नाटको या भारतीय कंपनीला मेसिलेट विकू नका म्हणून नोटीसही त्याच पेटंटवर. मग ते त्यात नव्हतं असं कसं? बीटा रूपाचा विचार पुढे कलम 3(ड) खाली (माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप जास्त गुणकारी असावं लागतं) झाला आणि उपचारक्षमता वाढल्याचं न दिसल्याने तोही दावा पडला. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनच्या वादात कंपनीने एकाच औषधासाठी जुन्या सामान्य सूत्राचं आणि नंतरचं अशा दोन्ही पेटंटांच्या उल्लंघनाचा खटला भरला, तिथेही हेच अंगाशी आलं.

म्हणून भारतासाठी माझ्या कागदावर एक जादा रकाना असतो, ‘जुन्या पेटंटच्या मालकाने बाहेर काय म्हटलं’. औषध नियामकाकडची नोंद, मुदतवाढीचा अर्ज, नोटिसा, इतर देशांत एक्झामिनरला दिलेली उत्तरं. हा रकाना शुद्ध नावीन्याच्या सिद्धांतात बसत नाही असं काही जणांचं मत आहे, आणि मलाही ते पूर्ण चूक वाटत नाही. पण विरोध दाखल करणारा तो भरणारच आहे. तुम्ही आधी भरलेला बरा.

मत लिहिताना

रकाने भरून झाले की प्रत्येक दाव्याला वेगळं उत्तर द्या, अर्जाला एकगठ्ठा नाही. ‘दावा 1: नावीन्य नाही, उदाहरण 12, पान 31. दावा 4: आहे, क्षार सांगितलेला नाही. दावा 7: प्रयोग केल्याशिवाय सांगता येत नाही.’ तिसऱ्या प्रकारचं उत्तर लिहायला लाजू नका. पॉलिमॉर्फबाबत नुसतं वाचून ठामपणे लिहिलेलं मत मी सहसा मागे सारतो.

रिकामा राहिलेला रकाना मात्र लाल पेनाने गोल करा. टायटॅनियमच्या त्याच प्रकरणात दावा 3 हा 0.8 टक्के निकेल आणि 0.3 टक्के मॉलिब्डेनम असा नेमका होता. रशियन आलेखातला ठिपका त्यावर पडत नव्हता, म्हणून अँटिसिपेशन नाही. पण तो ठिपका इतका शेजारी होता की कल्पकतेच्या कसोटीवर तोही दावा गेला. त्या गोलापासूनच पुढचा कागद सुरू करायचा.